फडकं बांधलेला बंब

मी बंब बोलतोय. कॉफीचा बंब. ॲल्युमिनियमचं गोल पोट, खाली काळी तोटी, बाजूला लाल दिवा. दिवा लागला की समजायचं कॉफी झाली. एका दमात शंभर माणसांची करतो मी. पोटावर एक फडकं बांधलेलं आहे. निळ्या चौकटींचं, ताटं पुसायचं साधं फडकं. ते कुणी सोडत नाही, आणि का सोडत नाही तेच आज सांगायचं आहे. सकाळी मला धुऊन, पुसून टेबलावर ठेवलंय. निघायला अजून थोडा वेळ आहे, तेवढ्यात सांगून घेतो.

माझा जन्म अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या एका कारखान्यातला. तिथून खोक्यात बसून निघालो तो हमरस्त्यावरच्या एका हॉटेलात आलो. ट्रकवाले यायचे, कप भरायचे, हवेला शिव्या द्यायचे आणि निघून जायचे. बरे दिवस होते. पुढं हॉटेल बुडालं आणि मालकानं सगळं सामान अंगणात मांडून विकायला काढलं. खुर्च्या गेल्या, तवे गेले, माझ्याकडं मात्र कुणी ढुंकून बघेना, कारण माझी तोटी गळत होती. दिवसभर उन्हात उभा होतो, टप टप करत. फार लाज वाटली हो.

संध्याकाळी ओरिन टॅकेट आला. नळाची कामं करणारा माणूस, हात घमेल्याएवढे, बोलणं थोडं. वाकून त्यानं माझी तोटी फिरवून बघितली. ‘एवढी झकास वस्तू आणि एका वॉशरपायी टाकून देताय?’ तो मालकाला म्हणाला. तिथंच खिशातून वॉशर काढून त्यानं बसवलं. मी गळायचा थांबलो. त्या दिवसापासून मी ओरिनचा.

त्यानं मला टॉलिव्हरच्या हॉलवर आणलं. ओझार्कच्या डोंगरांतलं हे गाव, आणि गावाबाहेर बंदूक हक्क संघटनेच्या शाखेचा पत्र्याचा हॉल. तो या लोकांनी स्वतःच्या हातांनी बांधला होता, नळ अर्थातच ओरिनचे. मागं नेमबाजीचं मैदान, आत लांब टेबलं, भिंतीवर हरणांची शिंगं. मी उगाच खोटं बोलणार नाही, माणसं वाईट नव्हती. कुणाचं गोठाघर जळलं तर दुसऱ्या सकाळी हीच मंडळी लाकडं आणि हातोड्या घेऊन हजर. पोरांना बंदूक कशी धरायची याआधी ती कुठं रोखायची नाही हे शिकवायची. आणि कॉफी म्हणजे, काय सांगू, पाण्यासारखी प्यायची.

मी संघटनेचा असलो तरी नांदलो दोन घरी. मेथडिस्ट चर्चच्या तळघरातला बंब एका नाताळात जळाला, आणि नवा घ्यायचं सोडून त्यांनी मलाच उसना न्यायची सवय लावून घेतली. गावात कुणी गेलं की दफनानंतरचं जेवण चर्चच्या तळघरात, आणि कॉफी माझ्या पोटातली. नेणारी ठरलेली: इमोजीन लॅश. लहानखुरी, चष्म्याची, मयताच्या जेवणांचा सगळा कारभार एकहाती सांभाळणारी बाई. मोटारीत ती मला पुढच्या सीटवर बसवायची आणि पट्टा लावायची.

‘गावात कुणी मेलं की पाद्र्याच्या आधी बंबाला निरोप जातो,’ असं वांडा म्हणायची. वांडा प्रूएट शाखेची चिटणीस. जन्मभर शाळेची बस चालवलेली, त्यामुळं आवाज असा की बाहेरच्या मैदानावरचा गोळीबार थांबावा. पण मन लोण्यासारखं. मला भरायचं काम ती आणि ओरिन दोघं मिळून करायची आणि त्यावरून रोज भांडायची. ‘अरे माणसा, एवढी पावडर? कॉफी करतोयस की डांबर?’ हे मी किती वेळा ऐकलं असेल.

त्या जेवणांना जाऊन जाऊन मला माणसांची एक गोष्ट कळली. मयताच्या जेवणाला लोक कप भरून घेतात खरे, पण पीत नाहीत. दोन्ही हातांनी नुसता धरून बसतात. मी अर्धा भरलेलाच परत यायचो.

आता मेसीबद्दल सांगतो.

मेसी ओरिनची नात. तिची आई तिला ओरिनच्या दारात ठेवून टेक्सासला गेली ती गेलीच. ओरिनची बायको आधीच वारलेली. तेव्हा या घमेल्याएवढ्या हातांनी त्या पोरीच्या वेण्या घातल्या. वेण्या अशा व्हायच्या की वांडा बैठक सुरू व्हायच्या आधी त्या सोडून पुन्हा घालायची. बैठक चालू असली की मेसी माझ्याजवळच्या उंच स्टुलावर बसायची आणि कप घ्यायला येणाऱ्याला साखरेच्या पुड्या द्यायची. ‘एक की दोन?’ असं अगदी दुकानदारासारखं विचारायची. कुणी तीन मागितल्या तर भुवया उंचावायची.

एकदा संघटनेच्या मुख्य कार्यालयातून स्टिकरांचा गठ्ठा आला. लाल गोल, मधे गरुड, भोवती अक्षरं: ‘आमच्या बंदुकांना हात लावू नका.’ कडेला बोटभर पारदर्शक पट्टी. मेसी तेव्हा पहिलीत असेल. तिनं एक सोलला, जीभ दातांत धरली आणि माझ्या पोटावर थाप मारून चिकटवला. वाकडा. गरुड पार डावीकडं कलंडलेला.

‘अगं ए, सरळ तरी लावायचास!’ वांडा ओरडली. ‘गरुड पडतोय बघ तुझा.’

‘पडत नाहीये, वळतोय,’ मेसी म्हणाली.

वांडा तो काढून नीट लावायला निघाली, तर ओरिन म्हणाला, ‘राहू दे. वळतोय म्हणतेय ना ती.’ सगळा हॉल हसला. स्टिकर तसाच राहिला.

पोर मोठी झाली. आजोबाबरोबर शिकारीला जायला लागली, पहिलं हरीण मारलं त्या दिवशी हॉलमध्ये तिच्यासाठी टाळ्या पडल्या. वांडाच्या भाचीच्या लग्नाला मला नेलं होतं, तेव्हा तोटीवर मेसीच होती. लग्नात मी तीनदा रिकामा झालो. माणसं हसत असली की कॉफी फार जाते. मेसी माझ्या झाकणावर हात ठेवून आजोबाला म्हणाली, ‘पापॉ, माझ्या लग्नातसुद्धा हाच बंब हं.’

‘आधी नवरा आण कुठला तरी,’ वांडा म्हणाली. ‘बंब काय, पळून जात नाही.’

हॉलवर परत न्यायच्या आधी ओरिननं माझी तोटी खोलून साफ केली आणि नवं वॉशर घातलं. मला वाटतं तो तेव्हापासूनच तयारीला लागला होता.

आता दुसरी गोष्ट. देशात कुठंतरी कुणीतरी बंदूक घेऊन शिरायचा आणि माणसं मारायचा. शाळेत, दुकानात, प्रार्थनेच्या जागी. त्या दिवशी हॉलमधला टीव्ही लागायचा आणि मला दुप्पट भरावं लागायचं. पुढं काय होणार हे मला झाकण उघडण्याआधी ठाऊक असायचं. पहिले काही दिवस गप्प बसायचं. बातमीदाराचा फोन आला तर ‘आमच्या प्रार्थना त्या कुटुंबांबरोबर आहेत’ एवढंच बोलायचं. कुणी कायद्याचा विषय काढला तर म्हणायचं, लोक अजून रडताहेत, राजकारण काय करता? मग आठवड्यानं सगळ्या सभासदांना फोन सुरू. कायदा येतोय, आमदाराला फोन करा, हक्क जातील, जागे व्हा. दुकानांतली काडतुसं संपायची. नवे सभासद रांगेनं यायचे आणि मला चारदा भरावं लागायचं.

ही रीत टॉलिव्हरमध्ये ओरिननं बसवली होती. फोनवर बसणाऱ्यांना तोच शिकवायचा. ‘वाद घालू नका, आवाज चढवू नका,’ तो सांगायचा. ‘नुसतं म्हणा, आत्ता ती वेळ नाही. मऊपणानं म्हणा.’ आणि तो ते खरंच इतक्या मऊपणानं म्हणायचा की समोरच्याला आपणच अडाणी वाटावं. त्याच्या मनात कपट नव्हतं. त्याला ते खरंच वाटायचं.

बैठकीच्या सुरुवातीला प्रार्थना असायची. सगळ्यांच्या टोप्या एकदम उतरायच्या, माना खाली जायच्या. आमेन झालं की टोप्या एकदम डोक्यावर, आणि हात फोनकडं. मेसीनं एकदा हे सगळं स्टुलावरून नीट बघितलं. दहा-अकरा वर्षांची असेल.

‘पापॉ, मग ती वेळ कधी येते?’

‘कसली वेळ, बाळ?’

‘बोलायची. तुम्ही म्हणता ना, आत्ता ती वेळ नाही.’

‘येते ना. लोक जरा शांत झाले की येते.’

‘मग शांत झाल्यावर तुम्ही बोलता?’

ओरिन हसला. ‘फार डोकं चालवतेस. जा, क्लेटला साखर दे.’ क्लेट होबार्ट तेव्हा नवा होता, तरणाबांड, मासे धरायच्या आमिषांचं आणि बंदुकांचं दुकान चालवणारा. मेसीनं त्याला पुडी दिली, पण बघत ओरिनकडंच होती.

मग तो शनिवार आला.

मेसी सतरा वर्षांची होती. शनिवारी ती गावातल्या स्केटिंगच्या हॉलवर काम करायची, पोरांना त्यांच्या मापाचे चाकांचे बूट काढून द्यायची. एकोणीस वर्षांचा एक पोरगा तिथं रायफल घेऊन शिरला. त्याच आठवड्यात घेतलेली, रीतसर, कागदपत्रांसकट. मेसी बुटांच्या फळीमागं होती. तिनं काही लहान पोरांना फळीखाली ढकललं म्हणे. ती पोरं वाचली. नऊ जणं गेली, त्यात ती.

मला हे हॉलवरच्या बोलण्यातून कळलं. दुसऱ्या सकाळी हॉलवर वांडा मला भरत होती आणि पाणी माझ्या पोटात कमी, बाहेर जास्त सांडत होतं. तिला दिसतच नव्हतं. क्लेट आता शाखेचा अध्यक्ष झाला होता. तो फोन ठेवून म्हणाला, ‘मुख्य कार्यालयानं सांगितलंय, कुणी तोंड उघडायचं नाही. दुपारी बैठक. कॉफी लागेल भरपूर.’

तेवढ्यात इमोजीन दारात आली. डोळे सुजलेले. ‘मी बंब न्यायला आलेय,’ ती म्हणाली.

‘आजच? आज बैठक आहे आमची, इमोजीनबाई. उद्या नेलात तर...’

‘क्लेट!’ वांडाचा बसमधला आवाज किती दिवसांनी ऐकला मी. ‘लाज आहे का जराशी? नऊ मयतं आहेत गावात. पाणी प्या आज. नाहीतर तहानेनं मरा.’ तिनं मला उचललं आणि इमोजीनच्या मोटारीत ठेवलं. पट्टा तिनंच लावला. स्टिकर समोरच होता, पण त्या घाईत तो दोघींनाही दिसला नाही. इतकी वर्षं बघून बघून तो त्यांना दिसायचाच बंद झाला होता.

तो आठवडाभर मी चर्चच्या तळघरातून हललो नाही. मेसीचा दिवस आला. टेबलावर भाजलेलं हॅम, चीज घातलेले बटाटे, फरसबी, हिरवी थरथरणारी जेली, भोपळ्याचं सारण भरलेल्या गोड ‘पाय’. सगळं गाव खाली आलं. मी लाल दिवा लावून उभा. नॉरीन सटल नावाची बाई कप घेऊन माझ्यासमोर आली. तिचा धाकटा मुलगा त्या नवांतला, त्याला आदल्याच दिवशी पुरलं होतं. तिनं तोटीकडं हात नेला आणि तिची नजर माझ्या पोटावर गेली. ती वाचत राहिली. ‘हात लावू नका.’ कप तिच्या हातातून पडला. ती वर निघून गेली. जिन्यावर तिचं रडणं ऐकू आलं.

मला त्या क्षणी फुटून जावंसं वाटलं. पण बंब असा फुटत नाही.

इमोजीनला कळलं. तिनं मला ओढत स्वयंपाकघरात नेलं, गरम पाणी घेतलं, सुरी घेतली आणि स्टिकर खरवडायला लागली. एक कोपरा निघणारच होता, तोच ओरिन आत आला. कुणा पाहुण्यासाठी कॉफी न्यायला आला होता बिचारा. सूट अंगावर, टाय वाकडा.

‘काय करतेस, इमोजीन?’

‘हे इथं नको, ओरिन. आज तरी नको. नॉरीन आत्ता...’

‘थांब.’

‘अरे, लोक बघताहेत! काय म्हणतील?’

‘म्हणू दे. तो मेसीनं लावलाय.’

इमोजीनचा हात थांबला. ओरिन गुडघ्यांवर बसला, माझ्याइतका खाली. स्टिकरच्या कडेच्या त्या पारदर्शक पट्टीवर त्यानं बोट ठेवलं. ‘इथं बघ. उजेडात ये. दिसलं?’

गोंदाखाली अडकलेला एक ठसा होता. पहिलीतल्या पोरीच्या अंगठ्याचा. चिकटवताना दाबलेला. मी इतकी वर्षं पोटावर घेऊन हिंडत होतो आणि मलासुद्धा माहीत नव्हतं.

‘माझ्याकडं तिचं दुसरं काय आहे?’ ओरिन म्हणाला. ‘कपडे आहेत. कपड्यांचा वास जाणार. हे राहील.’ आणि एवढा मोठा माणूस फरशीवर बसून हुंदके देऊन रडला. इमोजीननं सुरी बेसिनमध्ये टाकली. मग भिंतीवरचं निळ्या चौकटींचं फडकं काढून तिनं माझ्या पोटाभोवती गुंडाळलं आणि मागं गाठ मारली. ‘असं चालेल?’ तिनं विचारलं. ओरिननं मान डोलावली.

फडकं बांधून मी पुन्हा बाहेर आलो. त्या दिवशी मी होतो तसा भरलेलाच राहिलो.

आठवडा उलटल्यावर ओरिननं मला स्वतः हॉलवर परत आणलं. बैठक चालू होती. फोनवाले रांगेनं बसलेले, वांडा त्यांच्यात. राजधानीत नवा कायदा सुनावणीला येणार होता. बंदूक विकत घेतल्यावर ती हातात पडेपर्यंत काही दिवस थांबायचं, एवढाच कायदा. ओरिनला बघून सगळे उठले. मिठ्या मारल्या, खांदे दाबले. त्यात खोटं काही नव्हतं. मग क्लेटनं त्याला माझ्याजवळच्या खुर्चीवर बसवलं.

‘ओरिन, कसं विचारू कळत नाही. पण मुख्य कार्यालयाला तुम्ही हवे आहात. सुनावणीला. तुम्ही उभं राहून नुसतं एवढं म्हणायचं, माझी नात गेली तरी मला हा कायदा नको. मग पुढं कुणाची हिंमत आहे बोलायची?’

 ओरिन म्हणाला, ‘त्या शनिवारबद्दलचं आपलं पत्रक वाचलं मी. त्यात तिचं नाव नाही.’

‘कुणाचंच नाही. पत्रकात नावं घालायची नाहीत, अशी पद्धत आहे. तुम्हीच तर...’

‘हो. मीच पाडली ती. पण ती याच हॉलमध्ये वाढली, क्लेट. तुला साखर द्यायची.’

क्लेटनं मान खाली घातली. ‘मला आठवतंय हो.’

‘मला सगळ्यांना एक विचारायचंय.’ ओरिन उभा राहिला. ‘त्या पोराला आठवडाभर थांबायला लागलं असतं, तर? ती वाचली असती असं मी म्हणत नाही. मला ठाऊक नाही. माझ्या बंदुका अजून माझ्या कपाटात आहेत, त्या मी कुणाला देत नाही. पण आपण एकदा बसून बोलूया. बाहेरचं कुणी नको. आपण आपल्यात, कॉफी घेऊन.’

 माझ्यातलं पाणी खदखदत होतं, तेवढाच आवाज. क्लेटनं ओरिनच्या हातावर हात ठेवला. आणि खरं सांगतो, फार मायेनं म्हणाला.

‘बोलूया, ओरिन. नक्की बोलूया. पण आत्ता ती वेळ नाही.’

ओरिन त्याच्याकडं बघतच राहिला. ‘हुबेहूब,’ तो म्हणाला. ‘अगदी मी म्हणायचो तसंच म्हणालास रे.’

वांडानं कानावरचा फोन खाली ठेवला आणि तोंड फिरवलं.

कुणीतरी घाईघाईनं म्हणालं, चला, मेसीसाठी प्रार्थना करूया. टोप्या उतरल्या. माना खाली गेल्या. आमेन झालं, टोप्या परत डोक्यांवर चढल्या. एक सोडून. ओरिननं आपली संघटनेची टोपी माझ्या झाकणावर ठेवली आणि तो दार ओढून बाहेर गेला. गरम वाफेनं ती टोपी रात्रीपर्यंत ओली झाली. तिला कुणी हात लावला नाही.

सुनावणीला तो गेला, पण त्यांच्या बाजूनं नाही. हॉलमधल्या टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं, मीही बघितलं. तोच सूट, टाय तसाच वाकडा.

‘मी ओरिन टॅकेट. मी नळाची कामं करतो. माझ्या नातीचं नाव मेसी. कायद्यातलं मला फार कळत नाही. लोकांना नंतर बोलू, नंतर बोलू, असं मी आयुष्यभर सांगत आलो. त्या नंतरमध्ये माझी नात गेली. तुम्ही आज बोला, एवढंच मागायला आलोय.’

क्लेटनं टीव्ही बंद केला. ‘दुःखानं डोकं फिरलंय बिचाऱ्याचं,’ एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, ‘डोकंबिकं काही नाही, पलटला.’ फोन पुन्हा सुरू झाले. इतके फोन गेले की राजधानीत त्या कायद्याला कुणी हातच लावला नाही.

पुढं ओरिनला कामं यायची कमी झाली. ज्यांची घरं त्यानं वीस-वीस वर्षं कोरडी ठेवली होती, ती मंडळी नळ गळला तर पलीकडच्या गावातून माणूस बोलवायला लागली. रस्त्यात भेटले तर हवापाण्याचं बोलायचे. कुणी त्याला वाईट बोललं नाही. त्यांच्यात बोलायचीच चोरी झाली होती.

हॉलवर स्टीलचं नवं यंत्र आलं, बटण दाबलं की कप भरतो. मला मागच्या खोलीत शिकारीत वापरायच्या लाकडी बदकांशेजारी ढकललं. एके दुपारी वांडा आली, तिनं मला काखेत मारलं आणि ओरिनच्या दारात नेऊन ठेवलं.

‘तुझा बंब घे,’ ती म्हणाली. ‘चोरून आणलाय.’

‘आत ये की.’

‘नको. फोनवर बसायचंय.’ तिची मान खाली होती. ‘मला माफ कर म्हणायचं होतं. पण जमत नाहीये बघ.’ आणि ती निघून गेली.

तेव्हापासून मी ओरिनच्या स्वयंपाकघरात आहे. एकट्या माणसाला शंभर कपांचा बंब काय करायचा? कॉफी तो आपला एका छोट्या भांड्यात करतो. पण रोज सकाळी माझ्यासमोर खुर्ची ओढतो, फडक्याचा कोपरा उचलतो आणि आपला अंगठा त्या छोट्या अंगठ्यावर ठेवतो. त्याचा अंगठा केवढा! ठसा पार झाकून जातो. कप निवेपर्यंत तो तसाच बसतो. मग फडकं नीट करतो. मी थंडच असतो हो, पण तेवढ्यापुरता कुठंतरी गरम होतो.

आज सकाळी इमोजीनचा फोन आला. दोन जिल्हे पलीकडं एका गावात पुन्हा तेच झालंय. या वेळी धान्याच्या दुकानात. तिथल्या चर्चकडं एवढा मोठा बंब नाही. ‘नेऊ का?’ तिनं विचारलं. ओरिन म्हणाला, ‘तू कशाला? मीच घेऊन येतो.’

त्यानं मला धुतलं. तोटी खोलली, नवं वॉशर घातलं. तेवढ्यात दार वाजलं. दारात वांडा, हातात फडक्यानं झाकलेली ‘पाय’ची थाळी.

‘हॉलवर बोलावलंय मला,’ ती म्हणाली. ‘आठवडाभर गप्प बसा म्हणून सगळ्यांना सांगायला.’

‘मग जा ना.’

‘अरे माणसा, मग इथं काय करतेय मी? सरक, पावडर मी घालते. तू डांबर करतोस.’

ओरिन सरकला. कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्याच्या घरात भांडायला आलं होतं.  पावडर घालून तिनं फडक्याचा कोपरा उचलला, खाली वाकून बघितलं आणि तिथंच ओट्याला धरून उभी राहिली. ‘पडत नाहीये तो,’ ती म्हणाली. ‘वळतोय.’ मग दोघंही रडली.

ट्रक आता दारात लागलाय. मला दोघांच्या मधे बसवणार आहेत. तिथं तळघर असेल, हॅम असेल, जेली असेल, आणि कप धरून बसलेली माणसं असतील. त्यांतल्या कुणाच्या तरी डोक्यावर तीच टोपी असेल, आणि त्याला कुणीतरी मायेनं सांगत असेल, आत्ता ती वेळ नाही. ओरिन त्याच्याशेजारी जाऊन बसणार आहे, एवढं त्यानं ठरवलंय. मी आपला कॉफी देईन.

माझं म्हणाल, तर माझं मागणं फार मोठं नाही. मी म्हातारा झालोय, पण तोटी अजून चांगली आहे. मेसीच्या लग्नाची कॉफी माझ्या वाट्याला आली नाही. तुमच्यात कुणाच्या मुलीचं लग्न असेल तर मला न्या हो. लांब असलं तरी ओरिन सोडायला येईल. मयताच्या जेवणाला मी फार गेलो, प्रत्येक वेळी पोटात कॉफी घेऊनच परत आलो. एकदा तरी मला रिकामं होऊन घरी यायचंय.